गाडीतळावरचे गणित

हंगाम सुरू झाला की आमच्या कानावर एकच तक्रार तीन तोंडांनी येते. कास्तकार म्हणतो, "ऊस तुटून दोन दिवस झाले, अजून काट्यावर नाही." गाडीवान म्हणतो, "बैलं उभी राहून राहून बसली, काऊन एवढा उशीर लावता बापा?" आणि कारखान्यातला पाळीप्रमुख म्हणतो, "पहाटे चारला गव्हाण रिकामी होती, ऊस नाही म्हणून मिल थांबवावी लागली." गंमत अशी की तिघेही खरे बोलतात. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी ऊस पडूनही राहतो आणि कमीही पडतो.

ह्यावर सभेत भाषणे पुष्कळ होतात. भाषणाने तास कमी होत नाहीत. म्हणून ह्या अंकात आम्ही भाषण न करता हिशेब मांडत आहो. सभासद बंधू-भगिनींनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. बेरीज-वजाबाकी आणि गुणाकार-भागाकार एवढ्यावर सगळे भागते. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिला जवळ बसवावे, ती आपल्यापेक्षा लवकर सोडवील. खाली जिथे 'समजा' म्हटले आहे ते आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, कोणत्या एका कारखान्याचे नाहीत.

वऱ्हाडातल्या माणसाला रांग काही नवी नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, आणि पुढे कित्येक वर्षे अकोला-अमरावतीकडच्या संकलन केंद्रांवर कापसाच्या बंड्यांच्या रांगा आपण पाहिल्या. बंडीखाली पथारी टाकून रात्री काढलेले लोक आजही गावोगाव आहेत. पण कापूस आणि ऊस ह्यांत एक मोठा फरक आहे. कापूस बंडीत दोन दिवस राहिला तर माणसाचे हाल होतात, कापसाचे फारसे बिघडत नाही. तुटलेला ऊस मात्र त्या घडीपासून वाळू लागतो, आणि आतली साखर फुटून तिची गूळचट द्राक्षशर्करा होऊ लागते, जिचा दाणा बनत नाही. उन्हाळा जवळ आला की हे काम जास्तच वेगाने चालते. तोडणीपासून चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असे सगळे जाणकार सांगतात ते ह्यासाठी.

आता पहिला हिशेब. समजा कारखाना रोज १२५० टन गाळतो. (एके काळी नवा कारखाना उभा राहायचा तो बहुधा एवढाच. आता २५०० च्या खाली कोणी बोलत नाही.) १२५० ला २४ ने भागा : ताशी ५२ टन. एका टायरगाडीत दोन टन ऊस धरला तर ताशी २६ गाड्या रिकाम्या होतात. तुम्ही फाटकातून आत शिरलात आणि तळावर २६० गाड्या मोजल्यात, तर कोणाला विचारायची गरज नाही. २६० भागिले २६, म्हणजे दहा तास. मिलचा पट्टा बिघडून गाळप ताशी ४० टनांवर आले असेल तर ताशी २० गाड्या, आणि त्याच २६० गाड्यांना तेरा तास.

हा साधा भागाकार दिसतो, पण त्याला शास्त्रात मोठा मान आहे. रांगेत सरासरीने जेवढे उभे असतात ते म्हणजे ताशी येणारे गुणिले सरासरी थांबण्याचे तास, हा नियम जॉन लिटल ह्या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ साली रीतसर सिद्ध केला. दवाखान्यात, बँकेत, रेल्वेच्या यार्डात, सगळीकडे तो चालतो. आपल्या दृष्टीने त्यातले महत्त्वाचे असे की थांबण्याचा वेळ हा कोणाच्या मर्जीचा विषय राहत नाही. तळावरची गर्दी आणि गाळपाचा वेग हे दोन आकडे कळले की तिसरा कोणालाही काढता येतो.

मग गर्दी होते तरी का? कारखाना चोवीस तास चालतो, तोडणी मात्र उजेडातच होते. टोळ्या सकाळी फडात उतरतात, दुपारपर्यंत मोळ्या बांधून होतात, गाड्या भरतात आणि सगळ्या मिळून दुपारनंतर निघतात. समजा सगळा १२५० टन ऊस दुपारी बारा ते रात्री दहा ह्या दहा तासांत आला. म्हणजे ताशी १२५ टन आवक आणि ५२ टन गाळप. दर तासाला ७३ टन ऊस तळावर साठत जातो. रात्री दहाला ७३० टन, म्हणजे ३६५ गाड्या उभ्या. त्यांतली शेवटची गाडी रिकामी होते दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. तिला चौदा तास लागले. सरासरी काढली तर दर गाडीला सात तास.

चौदा हा आकडा नीट पाहा. दिवसाचे चोवीस तास, त्यांतून आवकीचे दहा वजा केले की चौदा. आवक सोळा तासांवर पसरली तर शेवटच्या गाडीला आठ तास आणि सरासरी चार. तळावर जास्तीत जास्त ४१७ टन, म्हणजे सव्वादोनशेच्या आत गाड्या. ह्यात नवी मिल नको, नवा काटा नको, एक पैसा खर्च नको. जितके तास फाटकावर आवक बंद, तितके तास शेवटच्या गाडीवानाच्या माथी, एवढेच हे गणित सांगते. आणि वेळापत्रक जराही चुकले, दुपारी येणाऱ्या गाड्या दोन तास उशिरा आल्या, की तोच तळ आदल्या सकाळी ओसंडून वाहत असताना दुसऱ्या दिवशी रिकामा पडतो. पाळीप्रमुखाची तक्रार इथून येते.

पण म्हणून सगळ्या बैलगाड्या रात्री बोलवा, असे आम्ही सांगणार नाही. अंधारात डांबरी रस्त्यावर उसाची गाडी मागून दिसत नाही, आणि त्यापायी काय होते ते आपण सगळे जाणतो. गणितात जो तास स्वस्त दिसतो तो रस्त्यावर जिवावर बेतू शकतो. उत्तर गाड्यांची वाटणी करण्यात आहे. जवळच्या गटातल्या बैलगाड्या दिवसा याव्यात आणि थेट गव्हाणीवर जाव्यात. लांबच्या गटातले ट्रक आणि ट्रॅक्टर, ज्यांना दिवे आहेत, त्यांचा माल सायंकाळनंतर यावा आणि रात्रीचे गाळप त्यावर चालावे. ह्यासाठी ट्रकांच्या टोळ्यांना सकाळऐवजी दुपारून भरणी द्यावी लागेल. मुकादम सुरवातीला कुरकुर करतील. पण ट्रक तळावर सहा तास उभा राहण्यापेक्षा फडात उशिरा भरलेला बरा, कारण तोपर्यंत ऊस मुळावर उभा असतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलली पाहिजे. मिल थांबली तर तिचे मिनिटामिनिटाचे बंद तास नोंदवहीत लिहिले जातात, संचालक मंडळापुढे येतात. गाडी थांबली तर ते कोणत्याच वहीत येत नाही. म्हणून कारखान्यातला कोणीही जबाबदार माणूस तळावर दोनशे गाड्या जास्त ठेवील, पण गव्हाण रिकामी पडू देणार नाही. त्यात त्याचा दोष नाही. बॉयलर पेटलेला, कढईत रस उकळत असलेला, अशा वेळी मिल थांबवणे फार महाग पडते. तळावर थोडा साठा हवाच. पण तो किती, हे ठरवताना एका बाजूचाच खर्च वहीत असेल, तर उत्तर नेहमी दुसऱ्या बाजूला महाग जाणार.

त्यातही काटा कुठे आहे ह्यावर बरेच अवलंबून. काटा फाटकाशी असेल तर तळावर वाळलेले वजन कारखान्याचे जाते. काटा गव्हाणीच्या तोंडाशी असेल तर कास्तकाराचे. उतारा मात्र दोन्ही वेळी सगळ्यांचाच जातो.

काट्याचाही हिशेब करून पाहू. समजा एक गाडी तोलायला सरासरी दोन मिनिटे, म्हणजे काट्याची ताकद ताशी ३० गाड्या. ताशी २४ आल्या तर काटा पाचांत चार भाग कामात, एक भाग मोकळा. मग रांग लागायलाच नको असे वाटते. पण गाड्या काही घड्याळ लावून येत नाहीत, कधी चार एकदम येतात, कधी दहा मिनिटे कोणी नाही. अशा अनियमित आवकीचे गणित डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी १९०९ पासून मांडले. त्याच्या रीतीने ताशी २४ गाड्यांना सरासरी दहा मिनिटे लागतात. ताशी २७ आल्या की वीस मिनिटे. साडेअठ्ठावीस आल्या की चाळीस मिनिटे. गाड्या वाढल्या शेकडा एकोणीसच्या आसपास, वेळ झाला चौपट. "काटा तं मोकळाच दिसते कधी कधी, मंग रांग कशी?" असे एका सभासदाने आम्हाला विचारले होते. त्याचे उत्तर ह्यात आहे. कधी कधी मोकळा दिसणारा काटाच रांग आटोक्यात ठेवतो. शंभर टक्के कामात असलेला काटा पाहून कोणी खूष होऊ नये.

आणखी एक. दोन काटे असतील आणि प्रत्येकापुढे वेगळी रांग असेल, दर काट्यावर ताशी २७ गाड्या, तर वर सांगितल्याप्रमाणे वीस मिनिटे. त्याच ५४ गाड्यांची एकच रांग केली, आणि जो काटा मोकळा होईल तिकडे पुढची गाडी गेली, तर साडेदहा मिनिटे. तेच काटे, तेच तोलाईदार, तीच बैलं. शिवाय "माझ्या मागचा पुढे गेला" ही भांडणे संपतात, हा फायदा आकड्यात धरलेला नाही.

थांबण्याचा पैसा शेवटी कोण भरतो तेही पाहा. समजा दहा टनी ट्रकची एक फेरी बारा तासांची, त्यांत पाच तास तळावर. दिवसाला दोन फेऱ्या. १२५० टनांना १२५ फेऱ्या लागतात, म्हणजे ६३ ट्रक. तळावरचे चार तास वाचले, फेरी आठ तासांची झाली, तर दिवसाला तीन फेऱ्या आणि ४२ ट्रक पुरतात. ह्या एकवीस ट्रकांचा बोजा कुठे जातो? महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च उसाच्या दरातून वजा होतो. म्हणजे तळावर उभ्या राहणाऱ्या ट्रकचे भाडे, ज्याचा ऊस अजून फडात उभा आहे तो सभासदही भरतो.

आता सर्वात अवघड प्रश्नाकडे येऊ. कोणाचा ऊस आधी तोडायचा?

रीत अशी की लागवडीच्या नोंदीच्या तारखेप्रमाणे पाळी. ही रीत सर्वांना कळते आणि तीत वशिल्याला जागा कमी, म्हणून ती चांगली. पण साखर जास्त मिळेल अशी ती नाही. समजा दोन सभासद, दोघांचा शंभर-शंभर टन ऊस. पहिल्याचा को.सी. ६७१, लवकर पिकणारा, नोव्हेंबरात लावलेला. दुसऱ्याचा को. ८६०३२, ऑक्टोबरात लावलेला. पहिल्याचा डिसेंबरात तोडला तर उतारा १०.८, फेब्रुवारीपर्यंत ठेवला तर उतरून १०.२. दुसऱ्याचा डिसेंबरात १०.६, फेब्रुवारीत चढून ११.४. नोंदीच्या तारखेने दुसरा आधी : १०.६ अधिक १०.२, मिळून २०.८ टन साखर. उलटा क्रम लावला तर १०.८ अधिक ११.४, म्हणजे २२.२ टन. फरक १४ क्विंटल. २०१९ साली केंद्राने साखरेचा किमान विक्रीदर किलोला ३१ रुपये केला, त्या दराने धरले तरी ४३,४०० रुपये, दोनशे टनांवर वाटले तर टनाला २१७.

दोन फडांत हे बोटावर मोजता येते. दहा फड असतील तर त्यांचे क्रम होतात छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. हजारो फडांचे तर बोलायलाच नको. अशा वाटणीच्या गणितांसाठी अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग ह्यांनी १९४७ साली जी रीत शोधली, तिला लिनिअर प्रोग्रॅमिंगची सिम्प्लेक्स रीत म्हणतात. आज ती कचेरीतल्या साध्या संगणकावर चालते. त्याला माल मात्र आपण पुरवला पाहिजे : प्रत्येक फडाची जात, लागण की खोडवा, तारीख, आणि हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने शेंड्याकडचा व बुडाकडचा ब्रिक्स. शेतकी खात्याचा माणूस वावरात आला की त्याला धुऱ्यावरचा एकच ऊस तोडून देऊ नये, आत नेऊन चार ठिकाणचे द्यावे. नाहीतर संगणकही धुऱ्यावरचेच उत्तर देईल.

पण खरा पेच साखरेचा नाही, न्यायाचा आहे. वरच्या हिशेबात दुसरा सभासद दोन महिने थांबला. त्याचे वावर अडकले, हरभरा-गहू हुकला, आणखी पाणी द्यावे लागले, ऊस लोळण्याची भीती वाढली, आणि उन्हात खोडवा फुटवायचा त्रास त्याच्याच वाट्याला आला. वाढलेला उतारा मात्र एकट्या त्याच्या नावावर जमा होत नाही. दर ठरतो तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला, आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. टनाला ३४ रुपये ६० पैसे. दोन लाख टन गाळपाला एका दशांश टक्क्याचे ६९ लाख २० हजार होतात. फायदा दोन लाख टनांत वाटला गेला आणि तोशीस एका वावरावर पडली. मग तो सभासद शेतकी अधिकाऱ्याकडे चकरा मारील, कोणाची चिठ्ठी आणील, नाही जमले तर ऊस गुऱ्हाळाला घालील. त्याला नाव ठेवण्यात अर्थ नाही.

ह्यावर उपाय आहे, आणि तोही हिशेबातच आहे. दोन सभासदांनी मिळून ४३,४०० रुपये जास्त मिळवले. त्यांतले दुसऱ्याला टनामागे शंभर, म्हणजे १०,००० जादा दिले, तरी ३३,४०० सगळ्यांत राहतात. उशिरा तुटणाऱ्या उसाला असे जादा पैसे देण्याची पद्धत महाराष्ट्रातील काही कारखान्यांनी चालवलेली आहे. आमचे म्हणणे एवढेच की ही रक्कम दयेपोटी शेवटी जाहीर होऊ नये, तोडणी कार्यक्रमाबरोबरच तारखेवार छापली जावी, म्हणजे ज्याला थांबणे परवडते तो आपणहून थांबेल. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये दुसरी तऱ्हा आहे. तिथे प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाचा काही भाग हंगामाच्या सुरवातीला, काही मध्ये, काही शेवटी तोडतात, म्हणजे वाईट दिवसांचा वाटा सगळ्यांना सारखा. त्यांची शेते मोठी आहेत. आपल्या दोन एकराच्या फडात टोळी तीनदा उतरवणे जमणार नाही, पण ज्यांचे चार-पाच प्लॉट आहेत त्यांच्यापुरते तरी हे करून पाहण्यासारखे आहे.

वऱ्हाडापुरता आणखी एक हिशेब सांगून आवरते घेतो. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला, आणि पश्चिम महाराष्ट्रात त्याची साखळी पसरली. आपल्या भागात कारखाने निघाले, पण त्यांतले अनेक उसाअभावी बंद पडले. आपला मुलूख कापसाचा आणि ज्वारीचा, पूर्णेकाठी तर खारपाणपट्टा. १२५० टनी कारखाना १६० दिवस चालवायला दोन लाख टन ऊस लागतो. एकरी २० टन पिकला तर दहा हजार एकर. एकरी ४० पिकला तर पाच हजार. पाणी तेवढेच असताना क्षेत्र दुप्पट करता येत नाही. एकरी पीक वाढवणे हाच त्यातला हातचा आकडा आहे, आणि त्यासाठी अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ फार लांब नाही.

ऊस निम्माच, एक लाख टनच असला तर? अर्ध्या वेगाने १६० दिवस की पूर्ण वेगाने ८० दिवस? अर्ध्या वेगाने चालवले तर बॉयलर, माणसे, दिवे सगळे १६० दिवस आणि उतारा नोव्हेंबरच्या कच्च्या उसाचा व एप्रिलच्या वाळक्या उसाचा. पूर्ण वेगाने चालवायचे तर जानेवारी-फेब्रुवारीचा चढता उतारा मधोमध घेता येतो, पण त्यासाठी टोळ्या आणि वाहने दुप्पट लागतात, आणि नोव्हेंबरात वावर मोकळे हवे असणाऱ्याची निराशा होते. हा निर्णय सभेतच व्हायला हवा, पण दोन्ही बाजूंचे रुपये फळ्यावर लिहून.

त्यासाठी आधी तळावरचे तास वहीत यायला हवेत. ह्या हंगामात सभासदांनी आणि गाडीवानांनी तोडणी चिठ्ठीच्या मागे तीन वेळा लिहाव्यात : फडात तोड सुरू झाली ती, गाडी फाटकात आली ती, आणि गव्हाणीवर रिकामी झाली ती. लिहिता येत नसेल त्यांना गटातल्या कामगाराने लिहून द्यावे. चिठ्ठ्या कचेरीतल्या पेटीत टाकाव्यात. पंधरा दिवसांच्या जमल्या की गटवार तास मोजून पुढल्या अंकात छापू, मिलच्या बंद तासांच्या शेजारी.